संपलेला सेल खरंच संपलेला असतो का? एका सेलवर पांढरा एलईडी

(पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे कसं' काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. जोडणीचा भाग कानाने ऐकून कळत नाही, म्हणून तेवढा इथे जरा सावकाश लिहिलाय.)



भाग सुरू करण्याआधी एक काम करा. घरात कुठेतरी जुना पेन्सिल सेल पडला असेल, घड्याळातला, रिमोटमधला, एखाद्या खेळण्यातला. 'संपला' म्हणून काढलेला, पण अजून फेकलेला नाही असा. तो हातात घ्या आणि मग ऐका.

माझ्या आजीकडे अशा सेलांचा एक डबाच आहे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. गावाकडे 'बॅटरी' म्हणजे टॉर्च आणि त्यात घालायचे ते 'सेल', हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेलच. तर बॅटरी मंद झाली की आजी सेल काढते, अंगणातल्या कट्ट्यावर उन्हात ठेवते आणि दुपारी परत घालते. आणि बॅटरी पेटते! लहानपणी मला वाटायचं की आजीचे सेल सूर्यावर चार्ज होतात. तसं काही नसतं. सेल काही वेळ न वापरता ठेवला की आतली रासायनिक क्रिया थोडी सावरते, आणि ऊब मिळाली की सेलचा अंतर्गत रोध कमी होतो. म्हणून थोडा वेळ उजेड मिळतो. थोडाच वेळ. हा 'थोडाच वेळ' लक्षात ठेवा, नंतर त्याच्यावरच येणार आहे.

आजचा विषय आहे एकाच सेलवर पांढरा एलईडी लावायचा. ऐकायला सोपं वाटतं ना? आत्ता कोरा दीड व्होल्टचा सेल आणा, एलईडीचे दोन पाय थेट त्याला लावा. काहीच होणार नाही. अगदी मंदसुद्धा पेटणार नाही.

कारण पांढरा एलईडी मुळात निळा असतो. आत निळा प्रकाश देणारी चिप आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. निळ्या प्रकाशाच्या एका कणात, म्हणजे फोटॉनमध्ये, साधारण पावणेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. तेवढी ऊर्जा इलेक्ट्रॉनला मिळायची तर एलईडीच्या दोन टोकांमध्ये साधारण तीन व्होल्टचा फरक लागतो. लाल प्रकाशाच्या कणात कमी ऊर्जा असते, म्हणून लाल एलईडीला दोनच्या आसपास पुरतात. दीड व्होल्टवर दोघंही उपाशीच. जिन्याला तीन फुटांची एक पायरी आहे आणि तुमची उडी दीड फुटाची, तर दहा माणसांनी मिळून उड्या मारल्या तरी कोणी वर पोचत नाही.

मग बाजारातल्या टॉर्चमध्ये काय करतात? तीन सेल एकापुढे एक. साडेचार व्होल्ट. वरचे दीड एका रेझिस्टरमध्ये गरम करून घालवायचे. चालतं, पण मला हे कायम कंजूष माणसाने उधळपट्टी करावी तसं वाटत आलंय.

दुसरा रस्ता आहे व्होल्टेज चढवायचं. आणि त्यासाठी जगातलं बहुतेक सगळ्यात आवडतं छोटं सर्किट आहे त्याचं नाव 'जूल थीफ'. इंग्रजीत 'ज्वेल थीफ' म्हणजे दागिनेचोर (देव आनंद आठवला असेल तर शाब्बास), आणि जूल हे ऊर्जेचं एकक. म्हणजे सेलात उरलेले जूल चोरणारा. नोव्हेंबर १९९९ मध्ये 'एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स' या ब्रिटिश मासिकात झेड. कापार्निक नावाच्या वाचकाने पाठवलेली ही कल्पना वाचकांच्या सदरात छापून आली. 'जूल थीफ' हे बारसं नंतर क्लाइव्ह मिचेल यांनी केलं, ज्यांना यूट्यूबवर लोक 'बिग क्लाइव्ह' म्हणून ओळखतात. मूळ तत्त्व मात्र त्याहून खूप जुनं. त्याला ब्लॉकिंग ऑसिलेटर म्हणतात आणि जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीत ते असायचं.

आता हे चालतं कसं. इथे मला पाण्याची मदत घ्यावी लागणार.

नळ जोरात सुरू आहे आणि तुम्ही तो झटक्यात बंद केलात, की कधीकधी भिंतीतल्या पाइपातून 'धडाम' असा आवाज येतो. पाइपातलं पाणी धावत होतं, त्याला वेग होता, आणि समोरचं दार अचानक बंद झालं. त्या क्षणापुरता पाइपातला दाब टाकीच्या नेहमीच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त होतो. याच धक्क्यावर चालणारा पंप मोंगोल्फिए यांनी १७९६ मध्ये केला. हो, तेच फुग्यातून आकाशात जाणारे मोंगोल्फिए, त्या दोघा भावांपैकी जोसेफ-मिशेल. हायड्रॉलिक रॅम. ना वीज, ना डिझेल. खालच्या ओढ्याचं भरपूर पाणी वाहू द्यायचं, झडप आपोआप आपटते, आणि त्या धक्क्याने थोडंसं पाणी वरच्या टाकीत चढतं. भरपूर पाणी थोड्या उंचीवरून द्यायचं, थोडं पाणी जास्त उंचीवर घ्यायचं. सौदा एवढाच.

आपल्या सर्किटमध्ये पाइप म्हणजे कॉइल, आणि झडप म्हणजे ट्रान्झिस्टर. कॉइलचा स्वभाव असा की तिच्यातला करंट एकदम वाढत नाही आणि एकदम थांबतही नाही. ट्रान्झिस्टर चालू असतो तेव्हा सेलमधून कॉइलमध्ये करंट हळूहळू वाढत जातो. 'हळूहळू' म्हणजे सेकंदाच्या काही लाखाव्या भागात, पण कॉइलच्या हिशोबाने हळूहळू. मग ट्रान्झिस्टर बंद होतो. करंटला आता जायला जागा नाही, पण थांबायचं तर नाही. मग कॉइल स्वतःचं व्होल्टेज वाढवते, दोन, अडीच, तीन. तीनला एलईडीचं दार उघडतं आणि सगळा करंट तिथून निघून जातो. प्रकाशाचा एक ठिपका. परत पहिल्यापासून. हे सेकंदाला हजारो वेळा होतं, त्यामुळे डोळ्याला दिवा सलग पेटलेला दिसतो.

झडप आपोआप कोण उघडतो-मिटतो? यात खरी गंमत आहे. रिंगवर एक नाही, दोन कॉइल असतात, शेजारी शेजारी गुंडाळलेल्या. पहिलीतला करंट वाढत असला की दुसरीत व्होल्टेज तयार होतं आणि ते ट्रान्झिस्टरच्या बेसला सांगतं, 'अजून उघड.' तो अजून उघडतो. पण कधीतरी एकतर रिंगचं लोहचुंबकत्व भरून जातं, नाहीतर ट्रान्झिस्टरची ताकद संपते, आणि करंट वाढायचा थांबतो. वाढ थांबली की दुसऱ्या कॉइलचा पाठिंबा गेला. बेस पडतो, ट्रान्झिस्टर बंद, धडाम. राजकारणासारखंच आहे थोडं.

सामान मोजून चार गोष्टी. एक ट्रान्झिस्टर, एक १ किलोओहमचा रेझिस्टर, पांढरा एलईडी आणि फेराइटची रिंग. पुण्यात असाल तर बुधवारात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. दुकानदार बहुतेक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर देईल, चालेल, पण बीसी ३३७ मिळाला तर तो घ्या, जास्त करंट पेलतो. रिंग विकत घ्यायची नसेल तर जुन्या सीएफएल दिव्याच्या सर्किटवर करंगळीत मावेल एवढी छोटी रिंग असते. मात्र तो दिवा स्वतः फोडू नका. काचेत पारा असतो, आणि आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज उरलेला असू शकतो. दुरुस्तीवाल्या काकांकडे मागा, त्यांच्याकडे खोकंभर असतात.

आता जोडणी. लॅन केबलमधल्या दोन वेगळ्या रंगांच्या तारा घ्या, समजा केशरी आणि हिरवी. दोन्ही एकत्र धरून रिंगमधून ओवत आठ-दहा फेरे मारा. आता तुमच्याकडे चार टोकं आहेत. केशरीची सुरुवात आणि हिरव्याचा शेवट एकत्र पिळा, हे सेलच्या प्लसला. केशरीचं उरलेलं टोक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. हिरव्याचं उरलेलं टोक रेझिस्टरमधून बेसला. एमिटर सेलच्या मायनसला. एलईडीचा लांब पाय कलेक्टरला, आखूड पाय एमिटरला. झालं.

पेटला नाही? दहातल्या नऊ वेळा कारण एकच: दोन्ही तारांच्या सुरुवाती एकत्र जोडल्यात. मग दुसरी कॉइल 'अजून उघड' म्हणायच्या ऐवजी 'मीट' म्हणते. हिरव्याची दोन टोकं अदलाबदल करा. दहावी वेळ म्हणजे ट्रान्झिस्टरचे पाय. बीसी ५४७ आणि ३३७ ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरलेत तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पण २एन३९०४ घेतलात तर क्रम बरोबर उलटा. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीये. आणि मोटार वाइंडिंगची तांब्याची तार वापरलीत तर टोकांवरचं वार्निश खरवडा, ती तार उघडी दिसते पण नसते. अजून एक, एलईडी न जोडता सर्किट चालू ठेवू नका. करंटला दार नाही मिळालं तर व्होल्टेज चढत चढत ट्रान्झिस्टरलाच मारू शकतं.

सर्किट चालतंय का हे ऐकूनही कळतं. आजीचा मीडियम वेव्हचा रेडिओ शेजारी ठेवायचा आणि दोन स्टेशनांच्या मध्ये लावायचा.

[इथे ऑडिओत रेडिओची घरघर आहे. सेल बोटांनी दाबला की सूर बदलतो.]

हे सर्किट म्हणजे एक छोटं, अडाणी ट्रान्समीटरच आहे. शेजारी कोणी बातम्या ऐकत असेल तर शिव्या बसतील.

आता मूळ प्रश्न. घड्याळाने नाकारलेला सेल यावर पेटतो का? पेटतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टर सुरू व्हायला साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट पुरतात, त्यामुळे एक व्होल्टवर आलेला सेलही मस्त उजेड देतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा वेडा झालो होतो. आजीचा डबा म्हणजे मला सोन्याची खाण वाटली. मल्टिमीटर घेऊन एकेक सेल मोजला. बऱ्याच जणांवर १.१, १.२ दिसले. म्हटलं, दीडमधले सव्वा शिल्लक आहेत, म्हणजे ऐंशी टक्के सेल भरलेलाच आहे की!

इथेच चुकलो, आणि ही चूक फक्त कागदावर राहिली नाही.

आषाढातली गोष्ट. गावी पावसात लाइट जाणार हे ठरलेलं. आजीच्या घरी न्हाणी आणि संडास परसात, मागच्या दारातून तीन पायऱ्या उतरून. मी एका औषधाच्या डबीत सर्किट बसवलं, बटण लावलं, डब्यातला १.२ व्होल्टवाला सेल घातला आणि ऐटीत तिला दिला. "आजी, तुझ्या टाकलेल्या सेलवर चालतो. फुकट." तिने दोनतीनदा लावून बघितला, लख्ख पेटला. तीन रात्री नीट गेल्या. चौथ्या रात्री ती दिवा घेऊन मागच्या दाराने निघाली, पायऱ्यांपर्यंत पोचली आणि उजेड काजव्याएवढा झाला. शेवटची पायरी चुकली. पाय मुरगळला. हाड मोडलं नाही, पण महिनाभर सूज होती.

मी फोनवर सॉरी सॉरी करत होतो. ती म्हणाली, "अरे, उजेड नसता तर मी भिंतीला धरून गेले असते. उजेड होता म्हणून भिंत सोडली."

काय झालं होतं? सेल नुसता पडलेला असताना मल्टिमीटर जे व्होल्टेज दाखवतो, त्यावरून आत किती ऊर्जा उरलीये हे कळत नाही. मीटर सेलकडून जवळजवळ काहीच मागत नाही. थकलेला सेल विश्रांती घेतो, व्होल्टेज सावरतं, १.२ दिसतं. तुम्ही दिवा लावता, लख्ख पेटतो, आणि मिनिटा-दोन मिनिटांत तो परत थकतो. उन्हात ठेवलेल्या सेलचंच हे दुसरं रूप. आजीला तो 'थोडाच वेळ' पन्नास वर्षांपासून माहीत होता. माझ्या सर्किटने तो झाकून टाकला, कारण साधी बॅटरी लावता क्षणी पिवळी पडून सांगते की मी संपत आलेय. माझा दिवा आधी पांढराशुभ्र पेटायचा आणि मग फसवायचा.

त्यामुळे सेल तपासायचा तर त्याला कामाला लावून तपासा. सेलच्या दोन टोकांना १० ओहमचा रेझिस्टर लावा, दहा सेकंद धरा आणि तेव्हा व्होल्टेज वाचा. यात सेलमधून शंभरेक मिलिअँप करंट जातो, आपल्या सर्किटला १ किलोओहमवर लागतो त्याच्या जवळपास किंवा जास्तच. १.१ च्या वर टिकला तर त्यात जीव आहे. भराभर खाली घसरत पाऊण व्होल्टवर आला तर तो डब्यातच बरा. मी नंतर आजीच्या डब्यातले सगळे सेल असे तपासले. तेव्हा एक मजा कळली. घड्याळातले आणि रिमोटमधले जवळजवळ सगळे नापास, कारण ही यंत्रं इतकी कमी खातात की सेल वर्षभर निवांत चाटूनपुसून संपवतात. भावाच्या मुलाच्या रिमोटच्या गाडीतले मात्र पास! मोटारीला एकदम मोठा करंट लागतो, सेल जरा दमला की गाडी थांबते आणि आपण सेल काढतो, पण आत बरंच उरलेलं असतं. चोरी करायचीच तर खेळण्यांच्या घरात करा.

आणि फुकट? हिशोब करू. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये साधारण ३ वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे दहा हजारांहून थोडे जास्त जूल. दहा लिटरची बादली एक मीटर उचलायला ९८ जूल लागतात, म्हणजे करंगळीएवढ्या त्या सेलमध्ये शंभरावर बादल्या उचलायची ताकद आहे. भारी वाटतं. पण भिंतीतल्या विजेचं एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. सेल समजा वीस रुपयांना घेतला, तर सेलमधली वीज आपल्याला साडेसहा हजार रुपये युनिटच्या वर पडली! आणि जूल थीफ ती वाढवत नाही, उलट आपलं कमिशन कापून घेतो. घरी बनवलेल्यात दहातले सहा जूल एलईडीपर्यंत पोचले तरी छान म्हणायचं. 'फ्री एनर्जी' म्हणून जे व्हिडिओ फिरतात, त्यातल्या कित्येकांत हेच सर्किट असतं. रॅम पंप जसं ओढ्याशिवाय पाणी चढवत नाही, तसंच हे.

मग आजीचं काय केलं? सर्किट तेच ठेवलं, सेल नवा अल्कलाइन घातला. १ किलोओहमच्या जागी ३.३ लावला, उजेड कमी झाला पण तीन पायऱ्या दिसायला भरपूर. सेलच्या दोन टोकांना समांतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, म्हणजे झटके सेलऐवजी तो सोसतो. मीटरवर करंट २५ मिलिअँपच्या आसपास आला. सेल २००० मिलिअँप-तासांचा धरला तरी ८० तास. रात्री दोन तास म्हटलं तर चाळीस रात्री. आणि कॅलेंडरवर दर अमावास्येला खूण केली, त्या दिवशी सेल बदलायचा, पेटत असला तरी. काढलेला सेल मग घड्याळात वर्षभर चालतो.

उरलेल्या दोन सूचना पटकन. रिचार्जेबल सेल या सर्किटने तळापर्यंत पिळू नका, १ व्होल्टच्या खाली नेले की त्यांचं आयुष्य कमी होतं. आणि स्वस्त झिंक-कार्बन सेल पूर्ण संपवून सर्किटमध्ये विसरू नका. त्यांची जस्ताची डबीच वापरात झिजत जाते, मग ती गळते आणि स्प्रिंग हिरवी-पांढरी होऊन खलास.

तुम्हाला यातलं काही बनवायचंच नसेल तर बागेतला सोलर दिवा बंद पडल्यावर उघडून बघा. आत १.२ व्होल्टचा एकच रिचार्जेबल सेल, एक छोटी चार पायांची चिप (बऱ्याचदा तिच्यावर वायएक्स ८०१८ छापलेलं असतं) आणि रेझिस्टरसारखी दिसणारी एक हिरवट कॉइल. तेच पाणी, तीच झडप, फक्त झडप उघडण्या-मिटण्याचं काम चिप करते. अंधार झालाय हेसुद्धा ती सोलर पॅनलचं व्होल्टेज पडलं की ओळखते.

तुम्ही बनवलात तर सेल कुठून काढलेला होता आणि १० ओहमवर किती व्होल्ट दिसले ते व्हॉइस नोटमध्ये सांगा, पुढच्या भागात वाजवू. आजी अजून सेल उन्हात ठेवते. परवा विचारलं तर म्हणाली, "तुझा दिवा आहे की. पण भिंत धरूनच जाते मी."

चला, भेटू.